वाचक विचारतात : ब्रेक दाबला की लाल बत्ती विझते

प्रश्न : भाऊ, मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला भूगोलाचा मास्तर. मुक्काम दारव्ह्याजवळचं एक खेडं. मागच्या दिवाळीत नागपूरहून एक जुनी गाडी घेतली. २००५ सालची मिनीबस आहे. आधीच्या मालकाने गॅरेजात देऊन तिचं फिरतं घर करून घेतलं होतं : दोन पलंग, ओटा, पाण्याची टाकी, मागे संडास. आमच्या मंडळींच्या गुडघ्यांमुळे प्रवासात संडासाचीच मोठी अडचण असते, म्हणून हा घाट. पोरं म्हणतात, "बाबा, तुमाले या वयात हे काय सुचून राह्यलं?" लोणार, चिखलदरा, मार्कंडा असा बेत आहे, पण बाहेरच्या बत्त्यांनी अडवून धरलं आहे.

पार्किंग लावली की मागच्या दोन्ही लाल बत्त्या ठीक लागतात. ब्रेक दाबला की उजवी उजळते आणि डावी विझल्यासारखी होते. वर डावा इंडिकेटर मंद तांबूस दिसतो. बल्ब दोनदा बदलला. छताच्या कडेला लहान बत्त्या आहेत. डाव्या अंगाच्या लागतात, उजव्या अंगाच्या पाचही बंद. त्यांचा फ्यूज टाकला की त्याच क्षणी उडतो. दारावरची बत्ती ओट्याजवळच्या स्विचवर चालायची, तीही बंद. टेस्टिंग लॅम्प लावून पाहिला, तिथे करंटच येत नाही. भिंतींना आतून प्लाय आहे. एका जागी उचकून पाहिलं तर आत सगळ्याच तारा लाल. नकाशा कुणाकडेच नाही. इथला वायरमन म्हणतो, "गुरुजी, जुनं शोधत नका बसू, नवीन तार टाकून देतो." टाकून घेऊ का?

उत्तर : गुरुजी, शेवटचं आधी सांगतो. नवी तार टाकून घेऊ नका. तो वायरमन वाईट आहे असं नाही, त्याला संध्याकाळपर्यंत तीन गाड्या सोडायच्या असतात. पण तुमच्या गाडीत आज जे आहे ते अशाच तीन-चार "टाकून देतो"चं गाठोडं आहे. जुनी तार आत तशीच राहते, तिचं एक टोक कुठेतरी जिवंत असतं, आणि पुढच्या माणसाला एका बत्तीच्या दोन तारा सापडतात. त्यातली खरी कोणती, हे त्याला कोण सांगणार?

मी ३१ वर्षं एसटीच्या आगारांत गाड्यांच्या वायरिंगवर काढली. आता आर्वीला घरच्या पडवीत बसतो. घर केलेल्या गाड्या माझ्याकडे आजवर चारच आल्या, पण चारही आतून सारख्याच निघाल्या. अशा गाडीत तारांच्या तीन पिढ्या असतात. पहिली कारखान्याची : बारीक, रंगीत, अंगावर दुसऱ्या रंगाची रेघ, काळ्या टेपेत घट्ट गुंडाळलेली, टोकाला कपलर, म्हणजे एकमेकांत बसणारा प्लास्टिकचा जोड. दुसरी गॅरेजवाल्याची : घरात फिटिंगला वापरतात ती जाड लाल वायर, कारण बंडल लालचं आणलं होतं. जोड पीळ देऊन वर टेप. तिसरी मालकाची : स्पीकरची पारदर्शक जोडवायर किंवा मोबाइलच्या चार्जरची कापलेली दोरी. तुमच्या लाल तारा दुसऱ्या पिढीच्या आहेत. म्हणजे रंग पाहून काही कळणार नाही, पण जोड पाहून कुणाचं काम आहे ते कळेल. कारखान्याची तार मध्येच कापून तिला लाल जोडलेली दिसली, की गॅरेजवाल्याने करंट तिथून उचलला असं समजा. ती जागा सोन्यासारखी. तिच्यावर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावून आकडा टाका.

पट्टी आणि बॉलपेन आधी घ्या, पकड नंतर. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर गाडी वरून दिसते तशी काढा, तुम्हाला नकाशे काढायची सवय आहेच. रात्री मंडळींना ड्रायव्हरच्या सीटवर बसवा, आणि पार्किंग, ब्रेक, डावा, उजवा, रिव्हर्स असं एकेक लावत गाडीभोवती फिरा. काय लागलं एवढंच लिहू नका. काय मंद लागलं आणि काय भलत्याच वेळी लागलं तेही लिहा. तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे, डावा इंडिकेटर तांबूस दिसतो ही. तो दिवा तुम्हाला सगळं सांगतो आहे आणि तुम्ही बल्ब बदलताय.

पाहा, डाव्या मागच्या बत्तीत ब्रेकचा जो बल्ब आहे त्यात दोन फिलामेंट असतात. लहान ५ वॉटचं पार्किंगला, मोठं २१ वॉटचं ब्रेकला. शेजारी इंडिकेटरचा वेगळा २१ वॉटचा. या तिघांना करंट तीन तारांनी येतो, पण परत जायची वाट एकच : बत्तीच्या मागची काळी तार, जी पत्र्याला स्क्रूने आवळलेली असते. गाडीत पत्रा हीच परतीची तार. बत्तीच्या पत्र्याशी असलेल्या या जोडाला आम्ही अर्थ (अर्थिंग) म्हणतो. हा अर्थ तुटला की करंट थांबत नाही. धुऱ्याशी ओलिताचं पाणी तुंबलं तर ते शेजारच्या वावरात शिरतं ना, तसं. पार्किंग लावली की करंट लहान फिलामेंटमधून आला, परतीची वाट बंद दिसली, मग मोठ्या फिलामेंटमधून उलटा ब्रेकच्या तारेत शिरला, उजव्या बाजूच्या ब्रेक बल्बात पोचला आणि तिथून पत्र्यात उतरला. ५ वॉटचा बल्ब अर्धा अँपियरही घेत नाही. तेवढ्याने २१ वॉटचं फिलामेंट साधं लालही होत नाही. म्हणून तुम्हाला वाटलं, पार्किंग ठीक आहे. ती ठीक नाही, उधारीवर चालली आहे.

आता ब्रेक दाबला. दोन्ही तारांतून बारा-बारा व्होल्ट समोरासमोर आले, ती उधारीची वाट बंद झाली. उरली एकच वाट : शेजारचा इंडिकेटर, त्याच्या तारेने पार पुढचा डावा इंडिकेटर, आणि तिथला पत्रा. तीन मोठे फिलामेंट एकामागे एक, प्रत्येकाच्या वाट्याला चारेक व्होल्ट. म्हणून तांबूस. मंडळींना ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि पुढे जाऊन बघा. पुढचा डावा इंडिकेटरही तसाच आजारी दिसेल. दिसला, तर बल्ब, स्विच, फ्यूज यांतलं काहीही उघडू नका.

खात्री करायची असेल तर दहा मीटरची सुटी तार घ्या, दोन्ही टोकांना चिमटे लावा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं डाव्या बत्तीच्या होल्डरच्या धातूला. ब्रेक दाबला आणि बत्ती भक्कन उजळली, की निकाल लागला. ही तार मी आजही दुकानात खुंटीला टांगून ठेवतो. महागड्या मीटरपेक्षा तिनेच मला जास्त कमावून दिलं.

मीटरचं विचाराल तर तो खोटं बोलत नाही, पण अर्धवट सांगतो. तारेचे वीस पदर गंजून एक उरला असेल तरी मीटर बारा व्होल्टच दाखवील, कारण मीटरला करंट लागतच नाही. त्याच तारेवर २१ वॉटचा बल्ब लावा, मिणमिणेल. म्हणून तपासणी नेहमी बल्बने. मीटर वापरायचाच तर बत्ती चालू ठेवून बत्तीचा धातू आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यामध्ये लावा. अर्थ धड असेल तर आकडा शून्याजवळ राहील. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर परतीच्या वाटेत घाण आहे.

आता ती काळी तार कुठे तुटली असेल? तुमचा संडास मागच्या डाव्या कोपऱ्यात असावा असा माझा अंदाज आहे. ज्याच्यासाठी गाडी घेतली त्यानेच बत्ती खाल्ली. तिथे पाणी सांडतं, ओल प्लायच्या मागे उतरते आणि पत्र्यातला स्क्रू भुसा होतो. बत्ती खोला, काळ्या तारेमागे हात घाला. थिंबल, म्हणजे तारेच्या टोकाचं धातूचं कडं, हिरवं पडलेलं किंवा स्क्रू हाताने फिरणारा सापडेल. त्याच भोकात मोठा स्क्रू ठोकू नका. जवळच चांगल्या जाड पत्र्यावर रंग खरवडून चकचकीत धातू काढा, नवं थिंबल, दातेरी वॉशर, नट-बोल्ट. आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन. आधी नाही, नंतर.

काम सुरू करण्याआधी गाडीची एक आणि आतल्या घराची पलंगाखालची एक, अशा दोन्ही बॅटऱ्यांचे निगेटिव्ह काढा, आणि ओट्याखालचं सिलिंडर गाडीतून खाली उतरवून ठेवा. हे मी तिसऱ्यांदा सांगणार नाही म्हणून पहिल्यांदाच नीट सांगतो.

उजव्या अंगाच्या पाच बत्त्या. फ्यूज टाकताक्षणी उडतो म्हणजे करंटची तार कुठेतरी थेट पत्र्याला लागली आहे. पाच बत्त्या पाच वॉटच्या धरल्या तरी पंचवीस वॉट, दोन अँपियरच्या थोडं वर. तेवढ्याने १० अँपियरचा फ्यूज उडत नाही. मोठा फ्यूज टाकून पाहू, किंवा तांब्याचे पदर गुंडाळून पाहू, असं कुणी सुचवलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. मी स्वतः हे केलेलं आहे. १९८९ साली, नोकरीच्या आधी, देवळीकडच्या एका वरातीच्या जीपला पार्किंगचा फ्यूज टिकत नव्हता. घाई होती, मी वायरचे पदर पिळून फ्यूजच्या जागी बसवले. बत्त्या लागल्या, मला शाबासकी मिळाली. पाच-सहा किलोमीटरवर डॅशबोर्डखालून धूर निघाला. नवरदेव बाशिंगासकट उडी मारून बाजूच्या तुरीत उभा. फ्यूज उडायचा थांबला होता आणि तार फ्यूज झाली होती. एकच तार जळत नाही, ती शेजारच्या आठ तारांना वितळवून एकमेकींत मिसळून टाकते. ते वायरिंग मी माझ्या पैशाने नवं करून दिलं. दोन महिन्यांची कमाई गेली.

म्हणून फ्यूजच्या जागी बल्ब लावा. २१ वॉटचे दोन बल्ब बाजूबाजूला, दोन्हींचं एक टोक फ्यूजच्या एका पायाला, दुसरं दुसऱ्या पायाला. छताच्या उजव्या पाच बत्त्यांतले बल्ब काढून ठेवा. बॅटरी जोडा, पार्किंग लावा. शॉर्ट असेल तर तुमचे दोन बल्ब पूर्ण तेजात पेटतील, पण तारेत साडेतीन अँपियरच्या वर काही जाणार नाही. तार तापणार नाही, तुम्ही निवांत शोधा. आता छताच्या कडेने हलक्या मुठीने ठोकत जा, कॅरिअर हलवा, बत्तीची बुडं हलवा. कुठेतरी बल्ब लुकलुकतील. तेवढ्यात सापडलं तर काम झालं. नाही सापडलं तर मधल्या तिसऱ्या बत्तीचा जोड सोडा. बल्ब विझले तर दोष मागच्या अर्ध्यात, पेटतेच राहिले तर पुढच्या. मग त्या अर्ध्याचं पुन्हा अर्धं. एका टोकाने सुरू करून सगळी प्लाय उपटत जाणारे लोक मी पाहिले आहेत. दोष नेहमी शेवटच्या फळीमागे निघतो.

आणि इथे तुमचा विषय कामाला येतो. शाळेतलं होकायंत्र घरी असेल तर काढा. १८२० साली ओर्स्टेड नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाला दिसलं होतं की तारेतून वीज गेली की जवळची सुई हलते. तेच करायचं. त्या दोन बल्बांच्या ओळीत एक इंडिकेटरचा फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारी डबी) घाला. दोन २१ वॉटचे बल्ब म्हणजे त्याला हवा तेवढाच भार, तो नेहमीच्या तालात टिकटिक करील. आता छतातल्या तारेत करंट येतो-जातो, येतो-जातो. गाडीचं तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला करून उभी करा, म्हणजे छताच्या कडेची तार सुईच्या दिशेने राहील. मग होकायंत्र आडवं, सपाट धरून छताच्या प्लायला खालून टेकवत पुढून मागे चला. सुई टिकटिकीबरोबर हिसके देईल. वरचा पत्रा लोखंडी असेल तर सुई मुळातच वाकडी उभी राहील, तिकडे लक्ष देऊ नका. तिची दिशा पाहायची नाही, हिसका पाहायचा. चालता चालता एका जागी हिसका थांबतो. मागे या, पुन्हा येतो. त्या वीतभर जागेत तुमची तार पत्र्याला चिकटली आहे, कारण करंट तिथून पत्र्यात उतरतो, पुढच्या तारेत जातच नाही. एक सांभाळा : भिंतीतून आडव्या गेलेल्या तारेच्या अगदी समोर होकायंत्र धरलं तर काही दिसणार नाही. तारेच्या थोडं वर किंवा थोडं खाली धरा.

हे मला आगारातल्या एका जुन्या माणसाने शिकवलं. त्याच्याकडचं होकायंत्र जत्रेतल्या खेळण्यातलं होतं. टेलिफोनवाले वापरतात तो टोन सोडणारा ट्रेसरही मिळतो, एका टोकाला आवाज सोडायचा आणि कांडी भिंतीवर फिरवायची. चांगली वस्तू आहे, तार कुठून कुठे गेली हे दाखवायला होकायंत्रापेक्षा सोयीची. पण तुमच्या घरी होकायंत्र आहे आणि ट्रेसर नाही, म्हणून हे सांगितलं.

माझा होरा सांगू? छतावर कॅरिअर आहे का ते तुम्ही लिहिलं नाही. असेल, तर उजव्या अंगाच्या त्याच्या बोल्टांपाशी आधी पाहा. बत्त्यांची तार आत गेली, मग दुसऱ्या कुणी वर्षा-दोन वर्षांनी वरून ड्रिल मारलं. खाली काय आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. नसेल कॅरिअर, तर प्लायचे स्क्रू.

दारावरच्या बत्तीचं वेगळं आहे, ती बहुधा बिघडलेलीच नाही. म्हणजे बल्ब गेला असेल, पण करंट नाही हा तुमचा निष्कर्ष मला पटत नाही. टेस्टिंग लॅम्पचा चिमटा तुम्ही दाराच्या पत्र्याला लावला असणार. ओट्याजवळच्या स्विचवर चालते म्हणजे ती घराच्या बॅटरीवर आहे, गाडीच्या नाही. काही गॅरेजवाले घराच्या बॅटरीचा निगेटिव्ह पत्र्याला जोडतच नाहीत, दोन्ही तारा वेगळ्या नेतात. मग पत्र्याला चिमटा लावून तुम्ही दिवसभर शोधलंत तरी लॅम्प पेटणार नाही, कारण त्या करंटची परतीची वाट पत्र्यातून नाही. ती दहा मीटरची तार पुन्हा घ्या, पलंगाखालच्या बॅटरीच्या निगेटिव्हला एक टोक, दुसऱ्या टोकाला लॅम्पचा चिमटा. आता तपासा. तरीही नसेल तर त्या बॅटरीजवळचा फ्यूज पाहा. पाण्याच्या टाकीमागून जाणारी तारही पाहा. सोयाबीन घरात आलं की उंदीर गाडीत येतात आणि टाकीमागची उबदार, अंधारी जागा त्यांची आवडती.

गाडीच्या मूळ स्विचांच्या आणि रिलेंच्या (विजेने चालणाऱ्या स्विचांच्या डब्या) बुडाशी बारीक आकडे कोरलेले सापडले तर ते जर्मन पद्धतीचे असतात आणि रंगांपेक्षा भरवशाचे. ३० म्हणजे बॅटरीचा थेट करंट, १५ चावी फिरवल्यानंतरचा, ३१ अर्थ, ५८ पार्किंग, ५४ ब्रेक, ४९ए फ्लॅशरमधून निघणारा. रिलेवर ८५-८६ म्हणजे कॉइल, ८७ म्हणजे पुढे जाणारा. हे आकडे कॅलेंडरवरच्या नकाशात लिहून ठेवा.

जोड करताना पीळ देऊन टेप गुंडाळणं बंद. आपल्याकडे मे महिन्यात छताच्या पत्र्याखाली काय ताप असतो तो तुम्हाला मी सांगायला नको. टेपेचा गोंद वितळून वाहतो, टेप सुटते आणि पुढच्या पावसाळ्यात तोच जोड उघडा पडतो. तारेत श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवली की आवळणारी नळी, आधी ओवा (हे विसरणार, मीही विसरतो), पदर विंचरून जोडा, सोल्डर करा, मग स्लीव्ह तापवून आवळा. पत्र्याच्या भोकातून तार जाते तिथे भोकाच्या काठावर रबरी ग्रोमेट (कडं) हवाच.

बल्ब घेताना कपाळावरचा आकडा वाचा. बसच्या सामानाच्या दुकानात २४ व्होल्टचेच बल्ब आधी पुढ्यात येतात. ते तुमच्या १२ वर मिणमिणतील आणि तुम्ही पुन्हा अर्थ शोधत बसाल. छताच्या बत्त्या पुढे पांढऱ्या, मागे लाल, एवढं राखा. आधीच्या मालकाने हौसेने निळ्या-हिरव्या लावल्या असतील तर काढून टाका. आणि एक कागदाचं : मिनीबसचं घर केल्याची नोंद आरसीवर आहे ना ते बघून घ्या. गाडीत असा बदल करायला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगी लागते. तुम्ही दुसरे मालक, पण नाक्यावर विचारतील तुम्हालाच.

त्या वायरमनला दुखवू नका. नकाशा तयार झाला की त्यालाच बोलवा आणि तारा दाखवून काम सांगा.

प्रश्न : काका, मी पुसदचा. माझ्या पिकअपचे चारही इंडिकेटर एलईडी केले. आता ते दुप्पट वेगाने फडफडतात. दुकानदार म्हणतो रेझिस्टर लाव. लावू काय?

उत्तर : बापू, तुझा जुना फ्लॅशर भार मोजतो. दोन २१ वॉटचे बल्ब पाहायची त्याला सवय. एलईडी दोन-तीन वॉट खाते, म्हणून त्याला वाटतं बल्ब उडाला, आणि तो ड्रायव्हरला कळावं म्हणून जोरात टिकटिकतो. त्याचं काम तो बरोबर करून राह्यला. दुकानदार देतो तो रेझिस्टर बहुतेक ६ ओहमचा असतो. बारा व्होल्टवर तो २४ वॉट उष्णता करतो, म्हणजे बल्बची वीज वाचवून ती रेझिस्टरात जाळायची. शिवाय प्लास्टिकला टेकला तर वितळवतो. त्यापेक्षा एलईडीला चालणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घे, जुना उपट, त्या जागी बसव. फक्त पाय दोन आहेत की तीन ते पाहून घे, आणि तीन असतील तर कोणता कुठला ते जुन्याशी ताडून बघ.

प्रश्न : भाऊ, आमची कापसाची ट्रॉली जिनिंगवर रात्रीच पोचते. दर हंगामात मागची बत्ती आठ दिवस चालते आणि बंद पडते. हे म्हणतात, चांदण्यात काय बत्ती पाहायची. तार प्रत्येक वेळी नवी टाकतो. राळेगावकडून एक शेतकरी बाई.

उत्तर : ताई, तुमच्या ट्रॉलीला ट्रॅक्टरपासून एकच तार गेली असेल आणि परतीचं काम हुकाच्या पिनेवर सोडलं असेल. ती पीन ग्रीसने माखलेली, वर माती, प्रत्येक खड्ड्यात उडणारी. तार नवी टाकून काय होणार? ट्रॅक्टर ते ट्रॉली सात पिनांचा सॉकेट बसवून घ्या आणि त्यात अर्थची वेगळी तार, ट्रॅक्टरच्या बॅटरीपासून थेट बत्तीपर्यंत. प्रचलित रंगात अर्थ पांढरा असतो, पण सॉकेट उघडून खात्री करा. तार ओढाळ सोडू नका, वळणापुरती ढील ठेवून दांड्याला बांधा. आणि मागच्या फळीला लाल रिफ्लेक्टर पट्टी दोन्ही कोपऱ्यांत, कापूस बाहेर लोंबला तरी झाकणार नाही इतकी खाली. चांदण्याचं म्हणाल तर कापूस वेचणीच्या महिन्यात अमावस्याही येते, हे त्यांना सांगा.